तीन राखाडी आणि एक खोली



दसरा-दिवाळी जवळ आली की पुष्कळ घरांत रंगकाम निघते. रंगारी येतो, भिंती खरवडतो, लांबी भरतो आणि मग घरातील मंडळींच्या हाती रंगांचे शेडकार्ड पडते. समजा, तुमच्या अभ्यासाच्या खोलीला राखाडी रंग द्यायचे ठरले आहे. कार्डावर राखाडीच्या तीन चौकटी शेजारी शेजारी आहेत. पहिल्या नजरेला तिन्ही सारख्याच. कोणी म्हणते, "कुठलाही घ्या, फरक काय पडतो?" डबा येतो, भिंतीला दोन हात बसतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळे चकित होतात. कार्डावर राखाडी दिसलेली भिंत आता चक्क निळी दिसते! यंत्रावर रंग मिसळून घेतलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही. मग ती निळी भिंत पुढची पाच-सात वर्षे पाहत बसावे लागते.

दुकानदाराने चुकीचा डबा दिला काय? बहुधा नाही. कार्डावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग एकच असतो. बदललेले असते ते बाकीचे सारे. लाल किंवा हिरव्या रंगाच्या बाबतीत हा बदल आपल्या फारसा लक्षात येत नाही. राखाडीच्या बाबतीत मात्र तो लपत नाही. असे का होते, हे या लेखात पाहू आणि शेवटी तीन राखाडींमधून एक निवडण्याची पद्धतही ठरवू.

राखाडी म्हणजे काय?

आपल्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात. त्या तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारच्या पेशी सुमारे ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर-जांभळ्या प्रकाशाला, दुसऱ्या सुमारे ५३० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला, तर तिसऱ्या सुमारे ५६० नॅनोमीटरच्या पिवळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. लाल प्रकाशाची जाणीव मुख्यतः या तिसऱ्या प्रकारामुळे होते. सोयीसाठी आपण यांना निळ्या, हिरव्या आणि लाल पेशी म्हणू.

पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातील सर्व तरंगलांब्या जवळजवळ सारख्या प्रमाणात आणि भरपूर परत पाठवते. काळी भिंत सर्वच शोषून घेते. राखाडी भिंत सर्व तरंगलांब्या सारख्या प्रमाणात, पण अर्धवट परत पाठवते. म्हणजे राखाडी हा तीन पारड्यांचा समतोल झाला. कोणतेही पारडे किंचित खाली गेले की राखाडीला त्या बाजूची छटा येते.

आपल्या तीन चौकटींचे आकडे उदाहरणादाखल असे समजू. पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत येतो, ते यात दिले आहे.

नमुना क : लाल ५०, हिरवा ५०, निळा ५०
नमुना ख : लाल ४८, हिरवा ५०, निळा ५२
नमुना ग : लाल ५२, हिरवा ५०, निळा ४८

'क' समतोल आहे, 'ख' निळ्याकडे झुकलेला आहे आणि 'ग' तांबूस-पिवळ्याकडे झुकलेला आहे. फरक फक्त दोन-दोन टक्क्यांचा! पण आपल्या भाषेने हे फरक कधीच टिपून ठेवले आहेत. चुलीतील राखेचा तो राखाडी, पारव्याच्या अंगाचा निळसर तो पारवा आणि मातीकडे झुकलेला तो मातकट. शब्द बनवणाऱ्यांची नजर मोठी बारीक होती.

रंगाच्या कारखान्यात राखाडी करताना टिटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पुडीत काजळीसारखा काळा कार्बन मिसळतात. नुसत्या पांढऱ्या-काळ्याचे हे मिश्रण बहुधा किंचित निळसर होते. ती निळाई काढण्यासाठी पिवडी किंवा गेरूच्या रंगाचे लोह ऑक्साइड थोडेसे घालतात. ते जास्त झाले की राखाडी मातकट होतो. तुमच्या चित्रकलेच्या पेटीतील पांढरा, काळा आणि पिवळा रंग घेऊन हे तुम्हाला सहज पडताळून पाहता येईल.

चुन्याची सफेदी करताना त्यात नीळ घालतात, तेथेही हाच समतोल साधायचा असतो. चुना किंचित पिवळट असतो. नीळ लाल-पिवळा प्रकाश थोडा शोषून घेते आणि तिन्ही पारडी सारखी होतात. खरे पाहता नीळ घातल्याने भिंतीवरून परत येणारा एकूण प्रकाश थोडा कमीच होतो. तरीही भिंत अधिक पांढरी दिसते! डोळा नुसता प्रकाश मोजत नाही, समतोलही पाहतो.

शेजाऱ्याचा गुण

पॅरिसजवळ नव्हे, खुद्द पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा चित्रपट विणण्याचा प्रसिद्ध कारखाना आहे. १८२४ साली तेथील रंगाई विभागाचे प्रमुखपद मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे आले. तेथे एक तक्रार होती. निळ्या-जांभळ्या विणीत वापरलेला काळा धागा फिका दिसतो, असे विणकर म्हणत. शेव्हरलने धागा तपासला. रंगात काहीच खोट नव्हती. तोच धागा दुसरीकडे चांगला काळा दिसत होता. दोष होता शेजारच्या रंगांचा. या विषयावर त्याने पुढे पुष्कळ प्रयोग केले आणि १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा सारांश असा : दोन रंग शेजारी आले की प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो.

प्रयोग १ : एकाच राखाडी कागदातून चार सेंटिमीटर बाजूचे दोन चौरस कापा. एक चौरस पिवळ्या घोटीव कागदावर व दुसरा निळ्या घोटीव कागदावर ठेवा. काही अंतरावरून पाहा. पिवळ्यावरचा चौरस निळसर आणि निळ्यावरचा पिवळसर वाटेल. आता त्याच राखाडी कागदाची एक लांब पट्टी दोन्ही चौरसांना जोडेल अशी ठेवा. दोन्ही चौरस एकच आहेत, हे लगेच पटेल.

राखाडीला स्वतःची अशी ठळक छटा नसते, म्हणून शेजाऱ्याचा ढकला त्यालाच सर्वांत जास्त जाणवतो. तुमच्या खोलीला सागवानी दरवाजा असेल, तर त्याच्या पिवळसर तपकिरी रंगामुळे शेजारची राखाडी भिंत निळसर वाटेल. लाल पडद्याशेजारी ती हिरवट वाटेल. शेडकार्डावर तर प्रत्येक चौकटीचे शेजारी वेगळे असतात. मग तेथे पाहिलेली छटा घरी कशी टिकणार?

उजेड बदलला की

साडी घेताना आजी ती दुकानाच्या दाराशी, उन्हाच्या उजेडात नेऊन पाहते. हे शास्त्रशुद्ध आहे! भिंतीवरून परत येणारा प्रकाश दोन गोष्टींवर अवलंबून असतो : भिंत काय परत पाठवते, आणि मुळात तिच्यावर काय पडते.

दिव्याच्या प्रकाशाचा रंग केल्विन या तापमानाच्या एककात सांगतात. तंतूच्या जुन्या विजेच्या दिव्याचा प्रकाश सुमारे २,७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर असतो. दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५०० आणि ढगाळ आकाशाचा सुमारे ६,५०० असतो. निरभ्र निळ्या आकाशाकडून येणाऱ्या प्रकाशाचा आकडा १०,००० च्याही वर जातो. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर. हल्लीच्या एलईडी दिव्यांच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. आता पुढचा दिवा आणाल तेव्हा तो जरूर वाचा.

तुम्ही म्हणाल, "मग संध्याकाळी दिवा लावल्यावर सगळेच पिवळे का दिसत नाही?" कारण डोळा आणि मेंदू मिळून उजेडाच्या रंगाशी जुळवून घेतात. पुस्तकाचा कागद उन्हात आणि दिव्याखाली पांढराच वाटतो. पण ही जुळवाजुळव पूर्ण नसते. शिवाय प्रत्येक दिव्याच्या प्रकाशात सर्व तरंगलांब्या सारख्या नसतात. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत सुमारे ४५० नॅनोमीटरपाशी निळ्या प्रकाशाचे उंच शिखर असते, मग एक खोलगट भाग आणि त्यानंतर पिवळ्या प्रकाशाची पसरट टेकडी. त्यामुळे वेगवेगळ्या पुडी मिसळून केलेले दोन राखाडी रंग उन्हात अगदी सारखे दिसूनही दिव्याखाली वेगळे दिसू शकतात.

ही गोष्ट जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने १८५५ साली भोवऱ्यावर दाखवली. त्याने फिरत्या तबकडीच्या बाहेरच्या भागावर रंगीत कागद लावले : शंभर भागांत हिंगुळासारखा लाल ३७, पाचूसारखा हिरवा ३६ आणि अल्ट्रामरीन निळा २७. आतल्या भागावर पांढरा २८ व काळा ७२ भाग. तबकडी वेगाने फिरवताच बाहेरचा भाग आणि आतला भाग एकसारखाच राखाडी दिसला. पण हाच प्रयोग गॅसच्या दिव्याखाली केला, तेव्हा जुळणी बिघडली. कागदांचे प्रमाण बदलावे लागले. डोळ्याला सारखे दिसणारे दोन राखाडी आतून किती वेगळे असू शकतात, याचा हा सुंदर पुरावा आहे.

आता खिडकीचा विचार करा. उत्तरेकडील खिडकीतून आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. मुंबईत साधारण १५ मे ते २७ जुलै या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो खरा. पण त्यातले बरेच दिवस पावसाळी ढगांत जातात. म्हणून उत्तरेच्या खोलीत समतोल 'क' देखील निळसर भासतो आणि 'ख' तर सरळ निळा वाटतो. पश्चिमेच्या खोलीत याच्या उलट. तेथे संध्याकाळचे पिवळे ऊन येते आणि 'ग' अधिकच मातकट होतो.

भिंतीवर भिंतीचा उजेड

आतापर्यंतची कारणे कार्डालाही लागू होती. आता असे कारण पाहू, जे फक्त खोलीत घडते. कार्डाच्या चौकटीवर उजेड पडतो, परत फिरतो आणि डोळ्यात शिरतो. खोलीत मात्र एका भिंतीवरून परतलेला उजेड दुसऱ्या भिंतीवर पडतो, तेथून तिसरीवर. प्रत्येक वेळी तोच रंग त्याला पुन्हा गाळतो.

नमुना 'ख' घेऊन गणित करू. तिन्ही रंगांचा प्रकाश १०० भाग धरा.

एका परावर्तनानंतर : लाल ४८, हिरवा ५०, निळा ५२
दोन परावर्तनांनंतर : लाल २३.०, हिरवा २५, निळा २७.०
तीन परावर्तनांनंतर : लाल ११.१, हिरवा १२.५, निळा १४.१

पहिल्या ओळीत निळा प्रकाश लालपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त आहे. दुसऱ्या ओळीत १७ टक्के आणि तिसऱ्या ओळीत २७ टक्के! कार्डावर न दिसलेली निळाई खोलीत कोठून आली, हे आता कळले ना? रंग बदलला नाही. खोलीने त्याचा गुणाकार केला.

प्रयोग २ : फिकट गुलाबी किंवा मलईच्या रंगाचे जाड कार्ड मधोमध दुमडून पुस्तकासारखे अर्धे उघडे धरा. उजेड आत पडू द्या. घडीजवळचा रंग कडेच्या रंगापेक्षा गडद व गहिरा दिसेल. खोलीच्या कोपऱ्यात हेच घडते.

किती उजळ?

छटेइतकेच महत्त्व उजळपणाला आहे. गंमत अशी की, जो राखाडी आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्ये वाटतो, तो अर्धा प्रकाश परत पाठवत नाही; फक्त १८ ते २० टक्केच पाठवतो. कारण डोळ्याची मोजपट्टी सरळ नाही. १९७६ साली प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याला साजेशी ० ते १०० अशी मोजपट्टी ठरवली. तिच्यावर ५० टक्के परावर्तनाचा राखाडी ७६ वर येतो आणि ६० टक्क्यांचा ८२ वर. फरक सहा पायऱ्यांचा. कार्डावर तो फारसा मोठा वाटत नाही.

खोलीत काय होते? सर्व बाजू त्याच रंगाच्या आहेत असे समजा. पहिल्यांदा पडलेल्या १ भाग उजेडापैकी ०.५ परत येतो, मग ०.२५, मग ०.१२५... ही श्रेणी मिळवत गेलात तर बेरीज १ होते. परावर्तन ०.६ असेल तर ०.६ + ०.३६ + ०.२१६... यांची बेरीज १.५ होते. म्हणजे भिंतींनी खोलीला परत दिलेला उजेड दीडपट! खऱ्या खोलीत खिडकी, फरशी आणि कपाटे उजेड खातात, म्हणून फरक याहून कमी पडतो. पण दिशा हीच. अभ्यासाच्या अंधाऱ्या खोलीत हा फरक डोळ्यांना रोज जाणवेल.

निवड कशी करावी?

१. तिन्ही चौकटी एका शुभ्र पांढऱ्या कागदावर एकमेकींशेजारी ठेवा. एकटा राखाडी आपली छटा लपवतो. दुसरा शेजारी आला की ती उघडी पडते. कोणता निळ्याकडे आणि कोणता पिवळ्याकडे झुकतो, हे लिहून ठेवा.

२. मोठा डबा घेण्याआधी प्रत्येक रंगाचा लहानात लहान डबा आणा. अर्धा मीटर बाजूच्या जाड पुठ्ठ्यांवर अस्तर लावून रंगाचे दोन हात द्या. प्रत्येक रंगाचे दोन पुठ्ठे करा. कडेने चार बोटे पांढरी चौकट सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग नजरेला फसवणार नाही.

३. रंग पूर्ण वाळू द्या. ओला रंग खरा नसतो. चुना वाळल्यावर उजळतो, तर प्लॅस्टिक इमल्शन बहुधा थोडे गडद होते.

४. पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवून पाहू नका. भिंतीला टेकवून उभा ठेवा. खिडकीसमोरची भिंत, खिडकीची भिंत आणि कोपरा अशा तिन्ही जागी पाहा. कोपऱ्यात एकाच रंगाचे दोन पुठ्ठे काटकोनात ठेवा, म्हणजे गुणाकाराची चुणूक मिळेल.

५. सकाळी, दुपारी आणि रात्री खोलीत नेहमी लागणारा दिवा लावून निरीक्षण करा. मोबाइलवर फोटो काढून निर्णय घेऊ नका. कॅमेरा उजेडाचा रंग आपल्या मर्जीने दुरुस्त करतो.

६. दरवाजा, फरशी आणि पडदा यांच्या जवळ धरून पाहा. त्या वस्तू बदलणार नाहीत. रंग बदलता येतो.

आता निर्णय. खोली उत्तरेची, दरवाजा सागवानी आणि रात्री ६,५०० केल्विनचा दिवा असेल, तर तिन्ही गोष्टी राखाडीला निळ्याकडे ढकलतात. अशा ठिकाणी 'ग' घ्या. कार्डावर मातकट वाटलेला हा रंग तेथे समतोल राखाडी दिसेल. पश्चिमेची उन्हाची खोली आणि पिवळसर दिवा असेल, तर 'क' किंवा 'ख' योग्य. खोली अंधारी असेल, तर छटेआधी उजळपणा पाहा आणि एक पायरी फिकट रंग निवडा. आणि सर्व जागी, सर्व वेळी पाहूनही दोन पुठ्ठ्यांतला फरक घरात कोणालाच सांगता आला नाही, तर वाद थांबवा आणि स्वस्त असेल तो घ्या. जो फरक त्या खोलीत दिसत नाही, तो त्या खोलीपुरता नाहीच.

शिक्षकांसाठी सूचना

बुटांची तीन रिकामी खोकी घेऊन वर्गात लहान खोल्या करता येतील. आतून चारही बाजूंना क, ख, ग यांसारखे तीन राखाडी रंग लावावेत व झाकणाला आतून पांढरा कागद चिकटवावा. एका बाजूला पाच सेंटिमीटरची खिडकी व शेजारच्या बाजूला डोकावण्यासाठी एक सेंटिमीटरचे भोक ठेवावे. खोक्याच्या आतील रंग आणि त्याच रंगाचा बाहेर ठेवलेला तुकडा यांची विद्यार्थ्यांकडून तुलना करून घ्यावी.

विचार करा

१. नमुना 'ग' चे तीन परावर्तनांनंतरचे आकडे काढा. लाल प्रकाश निळ्यापेक्षा किती टक्के जास्त होतो?

२. परावर्तन ०.८ असेल, तर भिंतींनी परत दिलेल्या उजेडाची बेरीज किती होईल?

३. खोलीत लाल कोबा आहे. शेजारधर्माने राखाडी भिंत हिरवट दिसायला हवी, पण जमिनीवरून उसळलेला लाल उजेडही तिच्यावर पडतो. भिंतीच्या खालच्या भागात कोणता परिणाम वरचढ ठरेल? तो पाहण्यासाठी प्रयोग कसा रचाल?

४. तुमच्या वर्गाच्या कोणत्या भिंतीवर दिवसभर थेट ऊन येत नाही? सकाळच्या आणि दुपारच्या सत्रात तिचा रंग कसा दिसतो, याची आठवडाभर नोंद ठेवा.